माझ्या बरं होण्याची साक्ष

ज्यांच्या पोटावर पिशवी आहे किंवा लवकरच येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांच्या घरच्यांनीही वाचावं, कारण निम्मा आजार घरच्यांनाच होतो. फक्त जेवायच्या आधी वाचू नका. मी गोड लिहिणार नाही. माझ्या आजारपणात लोक माझ्याशी इतकं गोड बोलले, की आता कुणी ‘सगळं छान होईल हं’ म्हटलं तरी मला मळमळतं. ती मळमळ औषधांची नाही.

मी शालिनी. साठीला टेकले आहे. लोणावळ्यात शनिवार-रविवारी भाड्याने जाणारे बंगले साफ करून देणं हा माझा धंदा. सोमवारी सकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी आणि यमुनामावशी निघतो. मावशी कुरवंड्याच्या, माझ्याहून मोठ्या, आणि फिनेलची बाटली माझ्या हातून हिसकावून घेणाऱ्या. बंगल्यात आम्हाला काय काय भेटतं ते सांगायला हवं. गादीवर ओकारी, बेसिनमध्ये बिर्याणी, पोहायच्या टाकीत फुगून तरंगणारे लहान मुलांचे लंगोट. मोठाल्या गाड्यांतून येणारी माणसं संडासात पाणीसुद्धा टाकत नाहीत. शालूताईला किळस येत नाही, असा माझा लौकिक आहे. येते, भरपूर येते. मी हात थांबवत नाही, एवढंच.

अशा बाईला स्वतःच्या घरी संडासात रक्त दिसलं, आणि तिने नजर फिरवून पाणी सोडलं.

दूध नासलेलं असतं तेव्हा

त्या जागेतून रक्त गेलं की आपल्याकडे त्याचं नाव मूळव्याध. हे निदान कुणीही करतं, शेजारीण करते, वाणी करतो, मीही केलं. सुरणाची भाजी झाली, ताक झालं, इसबगोल झालं. प्रार्थनाही झाली. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, त्यामुळे प्रार्थना ताकाच्याही आधी.

इथे आईचं सांगते, कारण पुढे तिची गरज लागणार आहे. ती फार शिकलेली नव्हती, पण प्रार्थनेला पक्की होती. ती म्हणायची, देवाला सगळं विचारावं, पण ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते विचारू नये. दूध नासलंय हे नाकाला कळल्यावर गुडघे टेकून, ‘प्रभू, हे दूध पाहुण्यांना देऊ का’ असं विचारायचं नाही. ओतून द्यायचं आणि कोरा चहा करायचा. नाक त्यानेच दिलंय.

या एका नियमावर मी माझा धंदा केला. एका बंगलेवाल्याने सांगितलं होतं, ‘ताई, चादरी वरून स्वच्छ दिसतात, नुसत्या उलटून घाला.’ मी त्यासाठी प्रार्थना केली नाही. त्याच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि घरी आले. घरातल्या मोठ्या-लहान गोष्टी अशाच ठरवल्या. देवाशी बोलायचं, मग नाक, डोळे, डोकं वापरायचं, आणि भीती वाटत असली तरी उठायचं.

रक्ताचं उत्तरही मला ठाऊक होतं. पण मी आपली ताक पीत बसले.

‘वास येतो का?’

माझी मुलगी प्रिया पुण्यात असते. ती सुट्टीला आली आणि माझा पांढराफटक चेहरा बघून तिने मला तळेगावच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी प्रिया पुण्याला परतली होती, त्यामुळे मी आणि माझे पती सुधाकर दोघंच गेलो होतो. लिहिताना मी त्यांचं नाव घेते, तोंडावर ‘अहो’ म्हणते.

सुधाकरांची ओळख करून द्यायला हवी. रेल्वेत सिग्नल खात्यात होते, आता निवृत्त. स्वभावाने गरीब, पण स्वच्छतेचं वेड. आमच्या घरात नळ कोपराने उघडायचा. हॉटेलात ते स्वतःचा पेला घेऊन जातात. लग्नानंतर मला पहिल्यांदा ताप आला तेव्हा ते दारात उभे राहून विचारपूस करत होते. मी ह्यावर आयुष्यभर हसत आले.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने चेहरा पाडला नाही, त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. म्हणाली, ‘गाठ आहे, अगदी खाली, गुदद्वाराच्या तोंडाशी. कॅन्सर आहे. आधी रेडिएशनचा शेक देऊ, गोळ्या देऊ. मग ऑपरेशन. ती जागा कायमची बंद करावी लागेल. पोटावर नवीन तोंड काढू, त्याला पिशवी लावायची. तीही कायमची.’

कॅन्सर ऐकून मी गप्प होते. पिशवी ऐकल्यावर पाणी मागितलं.

सुधाकरांनी एकच प्रश्न विचारला. ‘वास येतो का?’

‘नीट लावली तर नाही येत,’ डॉक्टर म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती नीट लक्षात ठेवा. ‘शेक चालू झाला की रक्त थांबेल. त्यावर जाऊ नका. गाठ आत असते.’ सुधाकर माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

परतीच्या गाडीत दुपारची गर्दी नव्हती. कान्हे मागे पडल्यावर ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘पोटावर संडास घेऊन माणूस जगतो कसा?’

‘मला विचारताय का?’

‘नाही. देवाला.’

त्या दिवसापासून सुधाकर अशी प्रार्थना करू लागले की मला माझ्याच घरात चोरट्यासारखं वाटायला लागलं. कामशेतला एक प्रार्थनागट जमतो, तिथे जाऊ लागले. उपास धरू लागले. मला वाटलं, माणूस माझ्यासाठी केवढं करतोय.

पाहुणे

शेक घेताना दुखत नाही. नंतर दुखतं. कातडी भाजून निघते, आणि ती अशा जागची असते की बसता येत नाही, निजता येत नाही आणि कुणाला दाखवता येत नाही. मी घडी घातलेल्या शालीवर एका कुल्ल्यावर बसायला शिकले.

आणि पाहुणे यायचे. मोबाइलवर गुलाबाच्या फुलांत ठेवलेली बायबलमधली वचनं यायची, सकाळी उठल्यापासून. एका बाईंनी प्रार्थना केलेलं खोबरेल आणलं आणि ते कुठे लावायचं हे सांगताना स्वतःच लाजल्या. एक गृहस्थ माझ्याच घरचा चिवडा खात म्हणाले, ‘ताई, घरात काही लपलेलं पाप आहे का, एकदा तपासून बघा.’ त्यांच्या मिशीला शेव लागली होती. मी ती शेव बघत बसले. सांगितलं नाही.

मला त्या दिवसांत माणसांचीच शिसारी आली. ओकारी पुसता येते. असं बोलणं कशाने पुसायचं?

मग डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे रक्त थांबलं.

‘थांबलं?’ सुधाकरांनी बाथरूमच्या बंद दाराबाहेरून विचारलं.

‘थांबलं.’

बाहेर त्यांचा हुंदका ऐकू आला. मलाही बरं वाटलं. माणूस रडला तर वाईट काय आहे, असं वाटलं.

दुसऱ्याने दिलेली साक्ष

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उपदेशाच्या आधी साक्षीची वेळ असते. ज्याच्यावर देवाने उपकार केला असेल त्याने उभं राहून चारचौघांत सांगायचं. कुणाला नोकरी लागते, कुणाच्या मुलाचा ताप उतरतो. चांगली प्रथा आहे. मी तिच्यातच वाढले. पण तिचा एक न लिहिलेला नियम आहे. दिलेली साक्ष कुणी तपासत नाही, आणि दिलेली साक्ष कुणी मागे घेत नाही.

त्या रविवारी मी बायकांच्या बाजूला माझ्या शालीवर बसले होते. शेजारी सुमनवहिनी होत्या, आमच्याच आळीतल्या, नवरा गेल्यापासून चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी येणाऱ्या. पुरुषांच्या बाजूने सुधाकर उभे राहिले. मला वाटलं, प्रार्थनेची विनंती करतील.

ते म्हणाले, ‘माझ्या पत्नीला प्रभूने पूर्ण बरं केलं आहे. रक्त थांबलं आहे. ऑपरेशनची गरज उरलेली नाही.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलूया झालं. सुमनवहिनींनी माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. त्या रडत होत्या. मला उठून उभं राहायचं होतं, पण भाजल्या अंगाने उठायला वेळ लागतो. मी एक हात बाकाला टेकेपर्यंत पेटी वाजायला लागली आणि गाणं सुरू झालं. माझं बरं होणं मंडळीत मंजूर झालं.

घरी आल्यावर विचारलं, ‘हे काय बोललात?’

‘विश्वासाने बोललो. आधी बोलायचं असतं, मग होतं.’ हे कामशेतच्या गटात शिकून आले होते.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाली, ‘गाठ लहान झालीय. गेलेली नाही. ऑपरेशन करायचंच आहे, लांबवू नका.’ तिने तारीख दिली. त्याच आठवड्यात सुधाकरांनी घरी उपकारस्तुती ठरवली. देवाचे आभार मानायला घरी सगळ्यांना बोलवायचं, प्रार्थना करायची आणि जेवण घालायचं, असं ते असतं. मटण, भात, शिरा. मी बरी झाल्याबद्दल.

मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. पण खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘शालूताई, त्या साक्षीने मंडळीची किती उभारणी झाली बघा. थोडं थांबून बघायला काय हरकत आहे?’

‘साहेब, तुमच्या गाडीचा ब्रेक लागत नसेल तर घाटात थोडं थांबून बघाल का?’

‘ते वेगळं.’

दुसऱ्याच्या शरीराचं सगळं वेगळंच असतं. बाहेर पडताना सुमनवहिनी भेटल्या. त्यांना कुठून तरी तारखेचं कळलं होतं. माझा दंड धरून म्हणाल्या, ‘ताई, आता दवाखान्यात गेलात तर लोकांनी काय समजायचं? दिलेली साक्ष मागे घेत नाहीत हो.’ त्यांचा आवाज कापत होता. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. ही बाई माझ्या जिवापेक्षा चर्चच्या टाळ्या जपते आहे, असं मनात आलं आणि मी दंड सोडवून घेतला.

म्हैस

उपकारस्तुतीच्या दिवशी यमुनामावशी मदतीला आल्या होत्या. कांदा चिरता चिरता त्यांनी विचारलं, ‘ताई, तुमचं आप्रेशन हाय का न्हाई? ह्ये समदं कशापायी?’

‘मी बरी झाले म्हणून जेवण आहे, मावशी.’

‘आन् झालात का?’

‘नाही.’

त्यांनी सुरी खाली ठेवली नाही. ‘आमच्यात बी असली हायेत. माज्या दिरानं बायकूसाठनं नवस बोलला, दवाखान्यात न्हाई नेली. पर म्हस आजारी पडली तवा आदी डाक्टरला फोन केलान्. म्हशीसाठनं नवस न्हाई बोलला.’

‘मग?’

‘म्हस जगली.’

त्या पुन्हा कांदा चिरायला लागल्या. मी मटणात मीठ घातलं. 

बाहेर गाणी सुरू झाली तेव्हा मला आत जावं लागलं. आणि रक्त. थेंब नाही, चांगलं भांडं लाल झालेलं, आणि तो वास, जो आता मला कुठेही ओळखू येतो. हॉलमध्ये टाळ्यांवर आभाराचं गाणं चाललेलं. मी यावेळी नजर फिरवली नाही. दार किलकिलं करून हाक मारली, ‘अहो, जरा इकडे या.’

सुधाकर नाकाला रुमाल लावूनच आले.

‘बघा.’

‘आधी झाकण लाव.’

‘आधी बघा. बाहेर तुम्ही ज्याचे आभार मानताय त्याला हे दिसतंय. तुम्हाला बघायला काय झालं?’

त्यांनी बघितलं. मग भिंतीला टेकले, ज्या भिंतीला ते कधी बोट लावत नाहीत.  शेवटी म्हणाले, ‘मला ती पिशवी बघवणार नाही, शालू. माझ्याच्याने होणार नाही.’

कित्येक आठवड्यांत ते पहिल्यांदा खरं बोलले. तिथे, संडासाच्या दारात, मला सगळा उलगडा झाला. हा विश्वास नव्हताच. ही किळस होती. सोवळं नेसून, उपास करून, वचनं म्हणत आली होती, म्हणून आम्हाला ओळखू आली नाही. आणि त्या किळसेत माझाही वाटा होता. पाणी मी पिशवी ऐकल्यावरच मागितलं होतं ना?

तुमच्यापुढे असा निर्णय असेल तर प्रार्थना जरूर करा. पण उठण्याआधी स्वतःला एक विचारा. मी हे देवावर भरवसा आहे म्हणून करते आहे, की मला काहीतरी बघायचं नाही म्हणून? दोन्हीची भाषा सारखीच असते. वास वेगळा असतो.

मी पाणी सोडलं, हात धुतले. ‘ऑपरेशनला मी जाणार आहे,’ म्हटलं. ‘तुम्ही या किंवा येऊ नका.’ ह्यासाठी मी गुडघे टेकले नाहीत. दूध नासलं होतं, मला कळलं होतं.

त्या दिवशी पाहुण्यांना मी काही सांगितलं नाही. मटण संपेपर्यंत सगळे थांबले होते.

लाल तोंड

दवाखान्याचं वर्णन फार करत नाही. सकाळी पडदे ओढायचा आवाज, चादर बदलणं, नळ्या, रक्तदाब, पुन्हा नळ्या. खाण्यात साबुदाण्याची लापशी, चव म्हणजे उकळलेला कागद. वॉर्डातल्या संडासाबद्दल माझ्या धंद्यातली बाई म्हणून माझं मत आहे, पण ते मी स्वतःशी ठेवते.

ऑपरेशननंतर सिस्टर पिशवी बदलायला आली की मी भिंतीकडे तोंड करायचे. मी, जिने दुसऱ्यांच्या ओकाऱ्या हाताने काढल्या. स्वतःच्या पोटावरची बोटभर जागा मला बघवत नव्हती. सिस्टर तरुण होती आणि तिला घाई असायची. एकदा वैतागून म्हणाली, ‘काकू, घरी गेल्यावर मी नाही येणार. बघा तरी एकदा.’

बघितलं. लाल, ओलं, मिटलेल्या तोंडासारखं. आणि मी बघत असतानाच ते हललं आणि त्यातून बाहेर आलं. मला भडभडून आलं. सिस्टरने वाटी पुढे केली आणि म्हणाली, ‘बास, झालं. आता दुसऱ्यांदा एवढं नाही होत.’ तिचं खरं होतं, फक्त ते दुसऱ्यांदा नाही, पुष्कळदा बघितल्यावर खरं झालं.

शेजारच्या खाटेवर वडिवळ्याच्या एक आजी होत्या, पित्ताच्या खड्यांसाठी आलेल्या. त्यांची सून घरच्या इंद्रायणी तांदळाची पेज आणायची, त्यातली वाटीभर मला मिळायची. दवाखान्यात माझ्या तोंडाला लागलेली पहिली चव तीच. आजींनी एकदा न राहवून विचारलं, ‘त्या पिशवीत काय हाय गं?’

सांगितलं.

‘व्हय? म्हंजी उटायला नगं, पळायला नगं. पावसापान्याचं बरंच की.’ आणि त्या हसल्या. मी टाके धरून हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी नाक मुरडलं नव्हतं आणि वचनही ऐकवलं नव्हतं.

सुधाकर आले. रोज आले. खाटेच्या पायथ्याशी, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे. बसायच्या आधी खिडकी उघडायचे.

मोगरा

घरी आल्यावर तेच. लोणावळ्यात धुकं घरात शिरतं, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आणि आमच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. सुधाकर हातात मोगऱ्याच्या वासाचा फवारा घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरायचे. मी सोफ्यावरून उठले की त्या जागेवर एक फवारा. त्यांना वाटायचं मला दिसत नाही. त्यांनी स्वतःची गादी बाहेरच्या खोलीत नेली. ‘तुला आराम पडावा म्हणून,’ म्हणाले.

तो मोगरा मला अजून सहन होत नाही. कुणाच्या लग्नात गजरा पुढे आला तरी मी हात मागे घेते. माझ्या विष्ठेपेक्षा मला त्या मोगऱ्याची जास्त किळस यायची, कारण विष्ठा निदान खोटं बोलत नव्हती.

पिशवी बदलायला यमुनामावशी यायच्या. एका दुपारी त्या आल्या नव्हत्या आणि पिशवी सुटली. मी पलंगावर होते. अंगावर, चादरीवर, गाउनवर, सगळीकडे. टाके ओढत होते, मला उठता येईना. मी सुधाकरांना हाक मारली नाही. मी रडत होते, तेही दात आवळून.

ते आपणच आले. दारात थांबले, तसेच जसे लग्नानंतर माझ्या तापात थांबले होते. मग निघून गेले. नळाचा आवाज आला. मी मनात म्हटलं, गेले हात धुवायला.

ते बादली घेऊन आले. तोंडाला रुमाल बांधलेला, हातात रेल्वेतले जुने जाड हातमोजे. त्यांनी चादर ओढली, आणि लगेच धावत बेसिनकडे गेले. ओकल्याचा आवाज आला. मग परत आले. पुसायला लागले. पुन्हा गेले, पुन्हा ओकले, पुन्हा आले. हातमोज्यांनी नवी पिशवी धरता येईना तेव्हा ते काढून फेकले. उघड्या हातांनी लावली. वाकडी लागली, पण लागली.

‘दुखतंय का?’ त्यांनी विचारलं. रुमालाआड डोळे लाल झाले होते.

‘नाही.’

‘मला फार घाण वाटते, शालू. अजून वाटते.’

‘मलाही,’ मी म्हटलं. ‘बसा.’

ते पलंगावर बसले. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली. मागितलं काहीच नाही. नुसतं खरं खरं सांगितलं, की आम्हाला ह्याचा वीट आलाय.

शांततेची प्रार्थना

चर्चमध्ये परत जायला मला बराच काळ लागला. माझं ऑपरेशन झालं हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. साक्ष तशीच उभी होती आणि लोक तिच्याभोवतून वळसा घालून जात होते.

शेवटी एका रविवारी आम्ही गेलो. पाळकसाहेबांनी शांततेची प्रार्थना घेतली. सगळे डोळे मिटून गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. आणि माझी पिशवी वाजली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, ह्यावर आपला ताबा नसतो. ते तोंड त्याला वाटेल तेव्हा बोलतं. आणि चांगलं मोठ्याने बोललं. मागच्या बाकावर पोरं फिसकन हसली. कुणाची तरी मान वळली. सुमनवहिनींच्या शेजारी मी दगड होऊन बसले. पुन्हा वाजली.

पुरुषांच्या बाजूने बाक सरकल्याचा आवाज आला. सुधाकर उभे होते. साक्षीची वेळ नव्हती.

‘तो आवाज माझ्या पत्नीच्या पोटावरच्या पिशवीचा आहे,’ ते म्हणाले. ‘मी इथे उभं राहून सांगितलं होतं की ती बरी झाली. ती बरी झालेली नव्हती. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मला त्या पिशवीचा वास सहन होणार नव्हता, म्हणून मी देवाचं नाव पुढे केलं. ती साक्ष मी परत घेतो.’

ते बसले. पेटीवाल्याला काय वाजवावं कळेना. पाळकसाहेब खाली बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, ‘मीही विचारायला हवं होतं.’ आणि पुढचं गीत सांगितलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मला त्या हव्याही नव्हत्या.

संपल्यावर चपला घालताना सुमनवहिनी माझ्याजवळ आल्या. मी मनातून तयार झाले. म्हटलं, आता ऐकवणार. त्यांनी पुन्हा दंड धरला, तसाच.

‘ताई,’ त्या कुजबुजल्या, ‘माझंही रक्त जातं. पुष्कळ दिवस झाले. तपासायला जायचं ठरवलं होतं मी. पण त्या रविवारी सुधाकरभाऊंची साक्ष ऐकली आणि थांबले. म्हटलं, तुमचं थांबलं तसं माझंही थांबेल.’

सुधाकर माझ्या मागेच उभे होते, माझी पर्स धरून. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा मी इथे लिहिणार नाही. मग ते म्हणाले, ‘वहिनी, उद्या सकाळी तयार राहा. मी नेतो.’

सोमवार म्हणजे बंगल्यांचा दिवस. यमुनामावशींना किल्ल्या दिल्या आणि आम्ही तिघं एका ओळखीच्याची गाडी करून तळेगावला निघालो. वहिनींना काय निघालं ते मी सांगणार नाही. ते सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. साक्ष ज्याची त्याने द्यावी, हे मी आता शिकले आहे. तुम्ही मात्र थांबू नका, एवढंच माझं म्हणणं.

कामशेत मागे पडलं. वहिनी रुमालाची घडी उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. सुधाकर पुढे बसले होते. वाटेत माझी पिशवी वाजली, आणि थोड्या वेळाने वासही आला, कारण घाईत नीट लागली नव्हती.

सुधाकरांचा हात काचेच्या बटणापाशी गेला. मग तो त्यांनी मांडीवर ठेवला. तळेगाव येईपर्यंत कुणी खिडकी उघडली नाही.